मावशी, हे नातवाकडून वाचून घ्या

मावशी,

तुम्ही मोबाईलवर फक्त फोटो बघता, त्यामुळे हे नातूच वाचून दाखवेल. त्याला मध्येच थांबवू नका, तोंडावर सांगायला गेलं की तुम्ही चहा टाकायला उठून जाता म्हणून लिहितेय.

मागच्या जूनमध्ये कळवणहून नाशिकला आले तेव्हा माझ्याकडे जीएनएम नर्सिंगचं सर्टिफिकेट, २१ हजार पगाराचं लेटर आणि ५ वर्षांची पोरगी, एवढंच. वाटलं, सुटले एकदाची. मग हॉस्पिटलजवळ हवी म्हणून गंगापूर रोडला रूम बघायला लागले तर वन बीएचके १४ हजार, डिपॉझिट ५० हजार, वर एजंटला एक महिन्याचं भाडं. पैशाचं एकवेळ समजू शकते, पण सगळीकडे दुसरा प्रश्न ठरलेला, मिस्टर काय करतात? एकटीच आहे म्हटलं की चेहरा बदलायचा, आणि नाईट असते म्हटलं की ती रूम अचानक त्यांच्या कुठल्यातरी भाच्याला द्यायची असायची. याच लोकांना रात्री २ वाजता सलाईन संपलं की सिस्टर लागते, असो.

मी रडवेली होऊन वॉर्डात ट्रॉली लावत होते तेव्हा तुम्ही चादरी गोळा करता करता म्हणालात, "खोली नंतर बघ पोरी, रातच्याला लेकरू कुठं झोपंल ते आधी ठरव." मी तोवर भाडं आणि अंतर एवढंच बघत होते बघा! तीन पाळणाघरं पालथी घातली होती, तिन्ही संध्याकाळी ७ ला बंद, आणि माझी नाईट ८ ला सुरू. खरं तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर ५० किंवा जास्त स्टाफ असेल तिथं पाळणाघर पाहिजे असा कायदा आहे, मी ऑफिसात विचारलं पण होतं, बघू म्हणाले, अजून बघतायत.

मग तुमच्या शेजारची सिडकोतली खोली, ५५०० भाडं. बस बदलून यावं लागतं, पाय दुखतात, पण भिंतीपलीकडे तुम्ही. डिपॉझिटचे २० हजार तुम्ही भिशीचे काढून दिलेत, नंबर लागला होता, मला काय गरज म्हणालात. जुलैच्या पावसात तुमच्या किचनमध्ये गळतीखाली पातेलं ठेवलेलं दिसलं तेव्हा नातवाने सांगितलं की ते पैसे पत्रे बदलायला ठेवले होते. त्या दिवशी तुमच्याकडे बघवेना मला.

आणि ड्युटीचं तर मला महिनाभर कळलंच नाही. माझी नाईट असली की तुमची नेमकी मॉर्निंग कशी येते, मला वाटायचं योगायोग. मग इन्चार्ज सिस्टर बोलल्या की तुम्हीच दर महिन्याला लिस्ट लागायच्या आधी त्यांच्या मागे लागता, आणि नाईटचे मिळणारे जास्तीचे पैसे सोडता, तेही कॉन्ट्रॅक्टवरच्या पगारात. एवढ्या लवकर निघायचं असलं तरी पहाटे उठून पोरीच्या वेण्या तुम्ही घालून जाता.

पहिल्या नाईटला मी चार वेळा फोन केला आठवतंय? चौथ्यांदा तुम्ही उचललाच नाही. सकाळी धावत आले तर ही खोबरेल तेल चोपडलेल्या दोन घट्ट वेण्या, लाल रिबिनी लावून दारात बसलेली, हातात चहात बुडवलेलं बटर, आणि मलाच म्हणते, "आई, हात नको लावू, आजीने घातल्यात." थोडं लागलं मनाला, खोटं का बोलू. मग तशीच आडवी झाले आणि तिला शाळेत सोडून आल्यावर दुपारपर्यंत मेल्यासारखी झोपले.

घरमालकाला ॲग्रीमेंट करायला लावलंत तेही तुम्हीच. ते म्हणत होते तोंडी चालतं, पण १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात करार रजिस्टर करायची जबाबदारी मालकाचीच आहे. शाळेत पत्त्याचा पुरावा मागितला तेव्हा तोच कागद कामाला आला.

महिना २ हजार करत भिशीचा दहावा हप्ता परवा दिला, तुम्ही न मोजताच डब्यात टाकलात. तर आता ऐका, पत्रेवाल्याला येत्या रविवारी बोलावलंय, पावसाच्या आधी काम उरकायचं. मला सुट्टी आहे, आणि तुमची सुट्टी मी इन्चार्जना सांगून लावून घेतलीय.