ताई, त्या दिवसाचे आभार राहून गेले होते

प्रिय ताई,

मुलांच्या फोटोंच्या दिवशी तुम्ही मदतीला धावून आलात, त्याबद्दल फोनवर थँक यू म्हणून झालं होतं, पण तेवढ्यानं मन भरलं नाही. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय. लहान मुलांचे फोटो काढू पाहणाऱ्या आणखी कुणाच्या नजरेस पडलं तर चांगलंच.

तीन ते सात वर्षांची ९ मुलं, एक हॉल आणि हाताशी तीन तास. मोठ्यांचे पोर्ट्रेट मी बरीच वर्षं काढतोय, त्यामुळे त्याच पद्धतीनं लायटिंग आदल्या रात्री बसवून ठेवलं होतं. सॉफ्टबॉक्स (फ्लॅशचा उजेड मऊ करणारी कापडी पेटी) चेहऱ्यापासून मीटरभर अंतरावर, ४५ अंशात, पलीकडे उजेड परतवणारा रिफ्लेक्टर आणि उभं राहायच्या जागी जमिनीवर चिकटपट्टीची फुली. मोठा माणूस फुलीवर उभा राहतो. पहिल्या मुलीनं फुलीकडे एकदा पाहिलं आणि ती थेट बॅकड्रॉपच्या पडद्यामागे जाऊन बसली. दुसरा थांबला खरा, पण सतत मागेपुढे झुलत. एका फ्रेममध्ये गाल पांढरेफटक, पुढच्या फ्रेममध्ये चेहरा काळवंडलेला. पाऊण तास गेला, धड एक फोटो हाती नव्हता. तेव्हा तुम्हाला फोन लावला. सुट्टीचा दिवस असूनही तुम्ही अर्ध्या तासात पोचलात.

आल्या आल्या तुम्ही फुली उपटून टाकलीत. ‘उजेड एका ठिपक्यावर कशाला? अख्ख्या सतरंजीवर पडू दे. पोर तिथं कुठंही बसेल,’ असं म्हणालात आणि स्टँड उचलून दोन मीटरवर नेलात. हे गणित मला तोंडपाठ होतं, पण मुलांसाठी ते वापरायचं कधी सुचलं नव्हतं. लाइट एक मीटरवर असताना मूल ४० सेंटीमीटर मागे सरकलं तर उजेड निम्म्यावर येतो. तोच दोन मीटरवरून तेवढंच सरकलं तर फरक जेमतेम अर्ध्या स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). फोटो वाचतो. अंतर दुप्पट केल्यानं दोन स्टॉप गेले, ते तुम्ही कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १०० वरून ४०० करून भरून काढलेत आणि फ्लॅशची पॉवर मुद्दाम होती तेवढीच ठेवलीत. पॉवर वाढवली असती तर दोन फोटोंच्या मध्ये फ्लॅश तयार व्हायला वेळ लागला असता, आणि मुलाचं हसू तेवढं थांबत नाही. लांब नेल्यावर उजेड कडक होणार, म्हणून स्वतःच्या गाडीतून १५० सेंटीमीटरचा ऑक्टाबॉक्स, म्हणजे आठ कोनांचा मोठा सॉफ्टबॉक्स, काढून आणलात. रिफ्लेक्टरच्या जागी थर्मोकोलचा मोठा पांढरा ठोकळा उभा केलात, म्हणजे मान कुठंही वळली तरी सावलीची बाजू काळी पडणार नाही. नाकाजवळ नाजूक सावली पाडणारं लायटिंग मलाही फार आवडतं, पण ते मान स्थिर ठेवणाऱ्यांसाठी. चार वर्षांच्या मुलाकडून ती अपेक्षा करणं हा त्याच्यावर अन्याय आहे, हे मला आता मनापासून पटलंय.

स्टँडच्या पायावर वाळूची पिशवी, वायरी जमिनीला टेपनं घट्ट. हे तुम्ही कॅमेऱ्याला हात लावायच्या आधी केलंत. मी ते केलं नव्हतं, आणि तीन मुलं तोवर त्या स्टँडभोवती पळत होती. त्या एका गोष्टीसाठी तुमचे आभार मानावे तेवढे थोडे आहेत.

मग पालक. ‘इकडे बघ’, ‘हस ना राजा’ असं चारी बाजूंनी चाललं होतं आणि मुलांची नजर भिरभिरत होती. तुम्ही कुणालाही न दुखवता सगळ्यांना मागच्या खुर्च्यांवर बसवलंत आणि ज्या मुलाचा नंबर, त्याच्या आईला किंवा बाबांना तेवढं माझ्या खांद्यामागे, लेन्सच्या अगदी वर उभं केलंत. नजर आपोआप कॅमेऱ्याकडे आली. मला म्हणालात, ‘तू खाली बस, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला ये.’ उरलेला सगळा वेळ मी पोटावर नाहीतर गुडघ्यांवर होतो.

आणि तो निळ्या शर्टातला छोटा. फ्लॅश उडाला की दचकायचा, आईच्या ओढणीत तोंड लपवायचा. त्याला कुणी ‘घाबरू नकोस’ म्हणालं नाही. तुम्ही त्याच्या शेजारी मांडी घातलीत, फ्लॅश उडवणारा ट्रिगर त्याच्या तळहातावर ठेवलात आणि टेस्टचं बटण दाखवलंत. त्यानं दाबलं. लख्ख! त्यानं ऑक्टाबॉक्सकडे पाहिलं, मग स्वतःच्या बोटाकडे. पुन्हा दाबलं. सात-आठ वेळा दाबून झाल्यावर त्यानं स्वतःहून ट्रिगर तुमच्या हातात दिला आणि सतरंजीच्या मधोमध जाऊन बसला. मी हसायला सांगितलं नाही. तो हसलाही नाही. ओठ मिटलेले, हनुवटी जराशी वर, आणि सगळा चेहरा ‘हा उजेड मी पाडलाय’ असं सांगणारा.

तो फोटो काल मोठा करून पाहत होतो. त्याच्या बुबुळात, घड्याळात दहा वाजतात त्या जागी, ऑक्टाबॉक्सचं पांढरं वर्तुळ आहे. त्याच्या खाली एक छोटी काळी आकृती दिसते, मांडी घालून बसलेली. त्या तुम्ही आहात.

तुमचा,
त्या दिवशी गुडघ्यांवर बसलेला फोटोग्राफर