‘अर्थ नाही’ म्हणालास म्हणून

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास आणि मी तो कानाला तसाच धरून बसले. भांडण माझ्यामुळे झालं, कबूल. चार महिने खपून लिहिलेलं प्रबंधाचं प्रकरण एका मुलीने चर्चासत्रात उठून एका प्रतिउदाहरणात आडवं केलं, हे तू सांगत होतास आणि मी मध्येच विचारलं, “रात्री झोपतोस ना?” चिडणारच तू. पण ठेवता ठेवता जे बोललास, “कशालाच काही अर्थ नाही”, ते काही माझ्या डोक्यातून जात नाही. झोपेचं या पत्रात काढायचं नाही असं ठरवून बसले आहे.

तीन वर्षं तू त्या ‘अर्थ’ शब्दाच्या मागे आहेस. मग मीही तुझ्यासारखंच विचारते, कुठला अर्थ? आशय की निर्देश? हसू नकोस. तुझ्या कपाटातली पुस्तकं मी दुपारी काढून बसते. निम्मं डोक्यावरून जातं. पण तुमच्या त्या जर्मन तर्कशास्त्रज्ञाचा, फ्रेगेचा, 1892चा तो लेख मला कळला, कारण तो तू मला सात वर्षांचा असताना शिकवला होतास. पहाटे दिसते ती चांदणी आणि संध्याकाळी दिसते ती, दोन्ही शुक्रच, असं मी गॅलरीत सांगितलं तर तू ऐकेनास. “एकच आहे तर रात्रभर कुठे होती ते सांग!” मला सांगता आलं नाही. फ्रेगेचा प्रश्न तरी काय वेगळा आहे? ‘शुक्र म्हणजे शुक्र’ यात नवं काही नाही, पण पहाटेची तीच संध्याकाळची, हे कुणाला तरी शोधून काढावं लागलं. वस्तू एक, तो निर्देश; तिच्याकडे न्यायच्या वाटा दोन, ते आशय. त्या रात्री तुला ताप होता हे ताई अजून सांगते. मला तो ताप आठवतच नाही, नुसता प्रश्न आठवतो.

तर, मला सांगायचंय ते 1902चं. तुला पाठ असेल, तरी ऐक, मी ग्रंथपालाच्या बाजूने सांगते. काही सूचींमध्ये त्यांची स्वतःची नोंद असते, काहींमध्ये नसते. आता ज्या सूचींमध्ये स्वतःची नोंद नाही, फक्त अशा सगळ्या सूचींची एक सूची करायची. या नव्या सूचीत तिची स्वतःची नोंद घ्यायची की नाही? मी एका जुन्या सूचीकार्डाच्या पाठीवर खरंच करून पाहिलं. नोंद घेतली की खोडावी लागते, खोडली की घ्यावी लागते. तिसऱ्यांदा खोडताना कार्ड फाटलं. तीस वर्षं सूच्या केल्या, हे कधी मनात आलं नाही!

रसेलने, त्या इंग्रज तत्त्वज्ञाने, वर्गांबद्दलचा, म्हणजे वस्तूंच्या गटांबद्दलचा, हाच पेच 16 जूनला पत्राने फ्रेगेला कळवला. फ्रेगे तेव्हा 53 वर्षांचा. अंकगणित निव्वळ तर्कशास्त्रावर उभं करून दाखवायचं यात त्याचं निम्मं आयुष्य गेलेलं, त्या ग्रंथाचा पहिला खंड 1893लाच निघालेला, दुसरा छापखान्यात. चार महिने नव्हेत रे. आणि त्याचं उत्तर गेलं 22 जूनला. सहाव्या दिवशी! पायाच हादरला हे त्यात त्याने सरळ मान्य केलं, आणि दुसऱ्या खंडाला परिशिष्ट जोडून तेच छापलं. साठ वर्षांनी रसेलने लिहिलं की सत्यावरच्या अशा निष्ठेला आपल्या माहितीत तोड नाही. आपली चूक पाहून त्या माणसाला बौद्धिक आनंद झाला, म्हणे.

माणसाने आपलं काम आणि आपण स्वतः यांत अंतर ठेवायला शिकलं पाहिजे. प्रकरण पडलं म्हणजे तू पडलास असं होत नाही. ज्या विद्येत प्रत्येक वाक्य दुसऱ्याच्या हातात तपासायला द्यायचं असतं तिथे खोटं ठरणं हा अपमान कसा होईल, उलट त्या मुलीने तुझं एवढं लक्ष देऊन वाचलं याबद्दल... बघ, सुरू झालं माझं. माफ कर. फळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलते, तू म्हणतोस ते खरं आहे.

शिवाय गोष्ट मी अर्धीच सांगितली. 1904 साली फ्रेगेची बायको गेली, पुढे कितीतरी वर्षं त्याने फारसं काही छापलं नाही. पुढे मोठा तत्त्वज्ञ झालेला कार्नाप जर्मनीतल्या येना विद्यापीठात त्याच्या वर्गात बसायचा. एका सत्रात श्रोते तीन, त्यांतला एक निवृत्त मेजर. फ्रेगे वर्गाकडे क्वचितच बघायचा, फळ्यावर त्या आडव्याउभ्या रेघांच्या आकृत्या काढत राहायचा आणि यांना नुसती त्याची पाठ दिसायची. हे वाचल्यापासून मला ती पाठ दिसते आहे. आणि रसेल? त्याच्यावरही तीच पाळी आली. 1913मध्ये त्याच्याच 24 वर्षांच्या विद्यार्थ्याने, विट्गेन्श्टाइनने, त्याच्या हस्तलिखितावर अशी टीका केली की रसेलने ते पुस्तक अर्ध्यावर सोडलं, आणि पुढे एका पत्रात लिहिलं की तत्त्वज्ञानात पायाभूत असं काही आता आपल्या हातून व्हायचं नाही. तुमची ही सगळी थोर माणसं एकमेकांचे पाय काढून घेतात आणि वर आभारही मानतात. आईने यात काय बोलावं?

विट्गेन्श्टाइनच्या भावांबद्दल वाचलं आणि पुस्तक मिटून टाकलं. चार भावांपैकी तिघं, आपल्याच हाताने. नंदूमामाचा विषय मी काढत नाही. पण तोही शेवटी शेवटी तेच वाक्य बोलायचा, तुझंच, शब्दाला शब्द. तुम्ही म्हणाल, शब्द तेच असले तरी दोघांच्या तोंडी त्यांचा अर्थ एकच कशावरून? म्हण खुशाल. फोनवर नीट समजावून सांग मला, दीड तास सांग, मी ऐकते.

मला तुझा अभिमान वाटतो हे मी कधी तुझ्यासमोर बोलले का, आठवत नाही. विट्गेन्श्टाइनच्या ‘ज्याबद्दल बोलता येत नाही’ त्या सदरातलं नव्हतंच ते, उगीच राहिलं.

अजून एक. फ्रेगेने जाण्यापूर्वी, 1925 साली, आपले अप्रकाशित कागद दत्तक मुलाच्या, आल्फ्रेडच्या नावे केले, सोबत चार ओळी. हे कमी लेखू नकोस, यात सगळंच सोनं नसलं तरी सोनं आहे, काही हरवू देऊ नकोस, अशा अर्थाच्या. सगळंच सोनं नव्हतं हे खरंच. त्याच्या शेवटच्या वर्षांतल्या डायरीत ज्यूंबद्दल जे आहे ते वाचून मन विटलं, तर्काने तिथे त्याला काही वाचवलं नाही. पण आल्फ्रेडने कागद सांभाळले, म्युन्स्टरला श्योल्त्स नावाच्या प्राध्यापकाकडे सोपवले. 1945च्या बाँबहल्ल्यात मूळ कागद नष्ट झाले. काहींच्या टंकलिखित प्रती काढून ठेवल्या होत्या, तेवढं वाचलं.

तू म्हणालास प्रकरण पुसून टाकतो. पुसू नकोस. मला पाठव, जसं आहे तसं, त्या मुलीच्या प्रतिउदाहरणासकट. मी वाचणार नाही (वाचेन, पण बोलणार नाही). तारीख टाकून ठेवते. माझ्याकडची नोंद आजवर हरवलेली नाही.

आणि फोन नको असेल तर नको. सकाळी उठलास की एक शब्द टाक, ‘झोपलो’. खरं असेल तरच.

तुझी,
आई

ता. क. बाबा म्हणतात पत्र लांबलं, झोपेचं काढायचं नाही असं ठरलं होतं. त्यांनी स्वतः रात्री दोन वाजता उठून तुझा दिवा हिरवा दिसतो का ते फोनवर पाहिलं. हिरवा होता.