डरहॅमलाही उतरा

महोदय,

इंग्लंडला जाणारी आपली बहुतेक मंडळी लंडन पाहतात, फार तर रेल्वेने एडिंबरा गाठतात. वाटेत खिडकीतून दिसणारे डरहॅमचे भव्य कॅथेड्रल मात्र राहून जाते, याची मनापासून हळहळ वाटते.

मध्ययुगात या परगण्यावर राजाच्या वतीने बिशपची सत्ता चाले. स्कॉटलंडच्या बाजूने होणारी आक्रमणे थोपवायची म्हणून त्याच्याकडे स्वतःची न्यायालये, टांकसाळ आणि फौजही होती. हे अधिकार पूर्णपणे राजसत्तेकडे गेले ते थेट १८३६ मध्ये! कॅथेड्रलची पायाभरणी १०९३ ची. मुख्य बांधकाम अवघ्या चाळीस वर्षांत झाले. संत कथबर्ट आणि इतिहासकार बीड यांच्या समाध्या इथेच आहेत. १६५० मध्ये स्कॉटलंडमधल्या डनबारच्या लढाईनंतर इंग्रज सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेलच्या फौजेने सुमारे ३,००० स्कॉटिश कैदी इथे कोंडले. उपासमार, थंडी आणि रोगराईने त्यांतले शेकडो दगावले. कमानींचे कौतुक करताना या कैद्यांचीही आठवण ठेवायलाच हवी.

मला सर्वाधिक भावते ते खाणकामगारांचे या वास्तूशी असलेले नाते. परगण्यातल्या कोळसाखाणी केव्हाच बंद पडल्या, तरी दर जुलैत कामगार आपापल्या संघटनांचे रंगीत फलक घेऊन, बँडच्या तालावर शहरभर मिरवतात. नवे फलक कॅथेड्रलमध्ये नेऊन त्यांना आशीर्वाद दिला जातो. उन्हाळ्यात तिकडे जाणाऱ्यांनी शक्यतो जुलैचा दुसरा शनिवार साधावा.

– एक वाचक, पुणे