‘स्मार्ट’ म्हणजे चिपच हवी का?

मा. संपादक,
स. न.

‘स्मार्ट मटेरियल’, म्हणजे परिस्थितीनुसार आपणहून बदलणारा पदार्थ, म्हटले की सेन्सर, चिप आणि बॅटरीच डोळ्यांसमोर येते. यातले काहीही नसताना कललेले झाड स्वतःला सावरते. ते कसे, हे अभियंत्यांनी बारकाईने पाहण्याजोगे आहे.

खोड कलले की काही पेशींमधले स्टार्चचे जड कण खालच्या बाजूला सरकतात आणि झाडाला कल उमगतो. मग खोडाच्या एकाच बाजूला वेगळ्या घडणीचे लाकूड तयार होऊ लागते. रुंद पानांच्या बऱ्याच झाडांत ते वरच्या बाजूला येते व खोडाला ओढून धरते. पाइनसारख्या सूचिपर्णी झाडांत ते खालच्या बाजूला येते व खोडाला वर रेटते. कच्चा माल दोन्हीकडे मुख्यतः सेल्युलोज (तंतू बनवणारा पदार्थ) आणि लिग्निन (तंतूंना घट्ट बांधणारा पदार्थ) हाच. प्रमाण बदलते, पण खरी मेख मांडणीत आहे. ओढणाऱ्या लाकडात सेल्युलोजचे सूक्ष्म तंतू पेशीच्या लांबीला जवळजवळ समांतर असतात, रेटणाऱ्या लाकडात ते 30 ते 50 अंशांनी तिरके, मळसूत्रासारखे गुंडाळलेले असतात.

असे लाकूड सुतार टाळतात, आणि त्यांचे काही चुकत नाही: सुकताना ते वेडेवाकडे पिळवटते. पण लाकूड कुठे, किती वाकेल याचा आधीच हिशोब करता आला तर? स्टुटगार्ट विद्यापीठाच्या संशोधकांनी तेच केले. स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाचे दोन थर तंतूंच्या दिशा आडव्या-उभ्या ठेवून चिकटवले आणि सपाट फळ्या सुकायला ठेवल्या; त्या आपोआप वाकल्या. अवजड दाबयंत्र लागलेच नाही. अशा भागांचा 14 मीटर उंच मनोरा 2019 मध्ये जर्मनीतील उर्बाख येथे उभा राहिला.

मात्र ‘झाडासारख्या’ पदार्थांच्या बातम्यांमध्ये दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते. पाइनचा शंकू कोरड्या हवेत उघडतो, ओल्या हवेत मिटतो; झाडावरून गळून पडल्यावरही. ती मेलेल्या पेशींची करामत आहे. खिडकीवरच्या झडपांसाठी ती उत्तम, फक्त सावकाश चालणारी. जिवंत झाडाचे तसे नाही. ते जुने लाकूड हलवत बसत नाही, जिथे गरज तिथे नवे घालते. जर्मनीतील कार्ल्सरूहचे संशोधक क्लाउस माथेक यांनी हा वाढीचा नियम संगणकात उतरवला: ताण जास्त तिथे पदार्थ वाढवा, कमी तिथे काढा. त्यावरून यंत्रांचे हलके, टिकाऊ भाग आखता येतात. पण असा भाग एकदा साच्यातून बाहेर पडला की आयुष्यभर तसाच राहतो. झाडाची बरोबरी अजून दूरच आहे.

म्हणून एक विनंती. एखाद्या पदार्थाला ‘झाडासारखा’ म्हणताना तो बनवताना एकदाच वाकतो, हवेतल्या ओलाव्याबरोबर पुन्हा पुन्हा हलतो, की खरोखरच वाढतो, एवढे तरी बातमीत लिहावे.

आपला,
एक वाचक