तिकीट माफ झालं, आता घारापुरीत सांगणारा माणूसही उभा करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१८ एप्रिलला जागतिक वारसा दिन असतो आणि १९ नोव्हेंबरला वारसा सप्ताह सुरू होतो, या दिवशी पुरातत्त्व खातं आपल्या स्मारकांचं तिकीट माफ करतं. २०२२ ला तर अमृत महोत्सवात ५ ते १५ ऑगस्ट सलग माफ होतं. चांगली गोष्ट आहे, मनापासून सांगतो. पण मी बरीच वर्षं शाळेत इतिहास शिकवला आहे, त्यामुळे घारापुरीच्या बेटाबद्दल एक गोष्ट मला राहून राहून वाटते ती लिहून टाकतो.

घारापुरीला आपल्याकडच्या माणसाला तिकीट किती, तर ४० रुपये. आणि १५ वर्षांखालच्या पोरांना तर वर्षभर तिकीटच नाही. म्हणजे शाळेची सहल गेली तर फुकट दिवसात मास्तरांचेच काय ते वाचतील! खरा खर्च आहे तो गेटवेवरून तासाभराच्या लाँचचा, आणि ती लाँच त्या दिवशी फुकट नसते. नागपूरच्या माणसाचं तर विचारूच नका, रात्रभर विदर्भ एक्सप्रेसमध्ये काढायची, मुंबईत उतरायचं, मग गेटवे, मग लाँच, मग बेटावर शंभरावर पायऱ्या. एवढं करून माणूस मोठ्या लेण्यात पोचतो, त्रिमूर्तीसमोर फोटो काढतो आणि परतीची लाँच सुटेल म्हणून घाईघाईनं खाली येतो. त्याला ४० रुपये वाचल्यानं काय फरक पडणार आहे सांगा? त्याला पाहिजे तो सांगणारा माणूस.

कारण ते लेणं असं आहे की कोणी सांगितलं नाही तर अर्धं दिसतच नाही. समोरची मूर्ती सुमारे २० फूट उंच, लोक तिला ब्रह्मा विष्णू महेश समजून नमस्कार करतात, पण अभ्यासक सांगतात की तो सदाशिव आहे, तिन्ही मुखं शिवाचीच. आपल्या डाव्या हाताचं बघा, मिशा, कपाळाला आठ्या, हातात साप, तो अघोर, म्हणजे शिवाचं उग्र रूप. उजवीकडचं मुख एकदम नाजूक, बाईचं वाटावं असं, हातात कमळ. आणि मधलं डोळे मिटून शांत. एकाच दगडात राग, माया आणि शांती. त्याच्याच एका बाजूला अर्धनारीश्वर, दुसऱ्या बाजूला गंगाधर, पलीकडे शिवपार्वतीचं लग्न, त्यात पार्वतीची मान लाजून खाली गेलेली. सहाव्या शतकातल्या कारागिरानं बसाल्टमध्ये लाज कोरली हो! कितीतरी मूर्तींचे हातपाय तुटले आहेत तरी ती मान बघितली की माणूस थांबतो, फक्त बघ म्हणणारं कोणीतरी पाहिजे.

शिवाय बेट म्हणजे फक्त ते एक लेणं नाही ना. पाच लेणी हिंदू आणि दोन बौद्ध, दुसऱ्या टेकडीवर विटांचा जुना स्तूप आहे, एका टेकडीवर तोफा आहेत, तिथपर्यंत जाणारे फारच थोडे. ज्या दगडी हत्तीवरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं तो हत्तीही आता बेटावर नाही, भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर उभा आहे. आपल्या रामटेकजवळच्या मनसरला सापडलेला शिव असाच दिल्लीच्या नॅशनल म्युझियममध्ये आहे. फुकट दिवस असेल त्या दिवशी तरी या दोन-तीन टेकड्यांचा मिळून एक रस्ता आखून द्यावा, प्रत्येक ठिकाणी मराठीत बोलणारा एक माणूस उभा ठेवावा आणि लाँचवाल्यांशी बोलून शाळांना भाडं कमी करून घ्यावं.

आणि तो माणूस बेटावरचाच असला पाहिजे असं मला वाटते. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशी तीन गावं आहेत तिथं, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून वीज आली ती २०१८ ला. इतकी वर्षं रोज बोटी भरभरून माणसं येऊन राहिली आणि गावात संध्याकाळी अंधार! त्या गावच्या पोरापोरींना ट्रेनिंग द्या, पैसे द्या, ते जे सांगतील ते बाहेरून आणलेल्या गाइडला जमणार नाही.

आता म्हणाल नागपूरच्या माणसाला घारापुरीची एवढी काय पडली. तर आपल्याकडेही बर्डीचा, म्हणजे सीताबर्डीचा किल्ला आहे ना. लष्कराकडे आहे, त्यामुळे रोज उघडा ठेवता येत नाही हे समजते, वर्षात तीन दिवस उघडतो, २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, आणि तेवढं करतात याबद्दल लष्कराचे आभारच मानतो. पण १ मेला नागपूरच्या उन्हात लहान पोरं आणि म्हातारी माणसं टेकडी चढणार कशी? १५ ऑगस्टला पाऊस. राहिला एक दिवस.

माझी विनंती अशी की चौथा दिवस २६ नोव्हेंबर द्यावा. १८१७ मध्ये २६ आणि २७ नोव्हेंबरलाच नागपूरच्या अप्पासाहेब भोसल्यांचं सैन्य आणि ईस्ट इंडिया कंपनीची फौज इथल्याच मोठ्या आणि छोट्या अशा दोन टेकड्यांवर लढली, भोसल्यांच्या अरब शिपायांनी छोटी टेकडी घेतली होती आणि मग ती हातची गेली. वारसा सप्ताह २५ तारखेला संपतो, म्हणजे लगेच दुसरा दिवस, हवाही थंड. कॉलेजात इतिहास शिकणाऱ्या मुलांना आधी महिनाभर तयार करावं आणि अर्ध्या अर्ध्या तासाच्या बॅचेस करून त्यांनीच लोकांना टेकडीवर उभं करून दाखवावं, कोणती फौज कुठं होती आणि कुठून आली. मेट्रो पायथ्याशी आहे, गाड्यांचा प्रश्न येणार नाही. परवानगी लष्कराची, पण आधी मागणी शहरातून गेली पाहिजे, आणि ती शाळा-कॉलेजांनी लेखी पाठवावी म्हणून हे पत्र. मुलांना शिकवायला माणूस कमी पडला तर मी यायला तयार आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
महाल, नागपूर