कारमागं ट्रेलर जोडताय, मग आधी दांड्यावरचं वजन बघा

माननीय संपादक साहेब,
स.न.वि.वि.

थंडी पडली की आपल्या सोलापुरात हुरड्याचं वेड लागतं हे काय सांगायला नको, पण अलीकडं त्यात एक नवीन हौस आलीय, कारच्या मागं छोटा कॅम्पिंग ट्रेलर जोडायचा आणि रात्री तिथंच मुक्काम ठोकायचा. माझं ट्रॉल्या बनवायचं आणि दुरुस्तीचं काम आहे अक्कलकोट रोडला, त्यामुळं मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ दाखवत "मामा, अस्संच करून द्या की" म्हणणारी पोरं माझ्याकडं येतात. हौसेला नावं ठेवायची नाहीत मला, उजनीच्या काठावर थंडीत पक्षी बघत झोपायला कुणाला नको वाटेल? पण जो येतो तो गादी किती जाड, किचन मागं की बाजूला, कलर मॅट की चकचकीत, एवढंच विचारतो. दांड्यावर, म्हणजे ट्रेलरचा पुढचा जो भाग गाडीच्या हुकाला अडकतो त्यावर, वजन किती येतंय हे कुणीच विचारत नाही आणि सगळा धोका तिथंच आहे, म्हणून म्हटलं पेपरला लिहावं.

साधा हिशोब आहे बघा. ट्रेलरचं भरलेलं वजन समजा 600 किलो, तर त्यातलं 60 ते 90 किलो, म्हणजे दहा ते पंधरा टक्के, पुढं गाडीच्या हुकावर यायला पाहिजे. आता व्हिडिओतल्या त्या ट्रेलरला किचन असतं मागच्या बाजूला, मग आपला गडी तिथं 50 लिटर पाण्याचा कॅन ठेवणार, घरातला भरलेला सिलेंडर ठेवणार जो टाकीसकट 30 किलोच्या आसपास भरतो, वर तवा, परात, शेगडी. झालं, मागची बाजू जड, पुढचा दांडा हलका, हूक वर उचलायला बघतो, आणि हैदराबाद रोडवर शेजारून एखादा कंटेनर जोरात गेला की त्याच्या हवेच्या झटक्यानं ट्रेलर डावीउजवीकडं झोके घ्यायला लागतो. एकदा का झोके वाढले की गाडीच ओढत नेतं ते. अशा वेळी बहुतेक जण दणकन ब्रेक मारतात नाहीतर झोक्याच्या उलटं स्टिअरिंग फिरवतात, दोन्हीनं प्रकरण वाढतंच. ॲक्सिलरेटरवरून पाय काढायचा, स्टिअरिंग सरळ घट्ट धरायचं, स्पीड आपोआप उतरू द्यायचा, बस्स. आणि कडेला थांबून सामान पुढं सरकवायचं, नुसतं "बघू पुढं" म्हणून निघायचं नाही.

हे वजन मोजायला लांब जायला नको. मार्केट यार्डात कांद्याच्या पिशव्या मोजायला जो बसका काटा असतो ना, तसला काटा दांड्याखाली ठेवा, मध्ये लाकडाचा ठोकळा घालून दांडा गाडीला जोडताना असतो त्याच उंचीवर आणा, चाकांना दगड लावा आणि आकडा बघा. सगळं सामान भरून, पाणी भरूनच मोजायचं हं, रिकामा ट्रेलर मोजून काय उपयोग. एकूण वजन कुठल्याही वजनकाट्यावर कळतं. आणि आपल्या कारला किती ओढायला परवानगी आहे, हुकावर किती भार चालतो, ते मॅन्युअलमध्ये बघा, त्यात नसलं तर कंपनीला विचारा, मेकॅनिकच्या "चालतंय की" वर जाऊ नका.

जोडणीचं म्हणाल तर बॉल, म्हणजे गाडीच्या हुकावरचा गोळा, 50 एमएमचा आणि कपलर, म्हणजे दांड्याच्या टोकाची त्यावर बसणारी वाटी, भलत्याच मापाचा असं जुळवून बसवलेलं असेल, तर वरून बसल्यासारखं वाटतं आणि पहिल्या मोठ्या खड्ड्यात उसळून निघतं. लॉक लावल्यावर दांड्याचा जॅक फिरवून वर घ्या, कारचा मागचा भाग बरोबर उचलला गेला तर पक्कं बसलंय, कपलर सुटून आला तर तिथंच कळलं. दोन साखळ्या पाहिजेतच, आणि दांड्याखालून एकमेकींवर फुली मारून, म्हणजे हूक सुटलाच तर दांडा डांबरावर आपटून रुतायच्या ऐवजी साखळीच्या झोळीत पडतो.

आता थंडीचं. आपल्याकडं बर्फ नाही हे खरं, पण दुपारी तीस आणि पहाटे चौदा-पंधरा असला फरक डिसेंबर-जानेवारीत असतोच. तापमान 10 अंश उतरलं की टायरची हवा साधारण दोन पीएसआय कमी होते, म्हणून हवा सकाळी थंड टायरवर बघायची, चालून तापल्यावर नाही. आणि ट्रेलर वर्षातले दहा महिने उन्हात उभा असतो, त्याचा टायर झिजत नाही, वाळून चिरतो. बाजूला चार आकडे असतात, 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा, नक्षी कितीही नवी दिसू दे, पाच-सहा वर्षं झाली की बदला. निघताना बेरिंगला ग्रीस, आणि वीस-तीस किलोमीटरवर थांबून दोन्ही हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाच्या, जवळ हात नेऊन बघा, एक कोमट आणि दुसरा चटका देतोय तर पुढं जाऊच नका. चाकाचे नटही पहिल्या शंभरेक किलोमीटरच्या आत एकदा आवळून घ्यायचे.

स्पिती-लडाखला नेणारेही असतात, त्यांनी पाण्याची टाकी, पाईप, पंप पूर्ण रिकामे केल्याशिवाय रात्र काढू नये, गोठलं की पाईप फुटतोच. आणि बर्फ आला की चाकाला चेन लागते, ते ज्यानं कधी केलं नाही त्यानं तिकडं ट्रेलर नेऊच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपल्याकडं खरा धोका उसाच्या ट्रॉल्यांचा. ऐन थंडीत गाळप जोरात, ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या, मागं ना लाईट ना रेडियम, वर पहाटेचं धुकं. त्यात तुमचा ट्रेलर, म्हणजे ब्रेक लागायला नेहमीपेक्षा जास्त अंतर. धुकं दाट असलं तर पंपावर चहा घ्या, ऊन वर येऊ द्या. मी स्वतः ट्रॉल्या बनवतो तरी सांगतो, रेडियम न लावणाऱ्या ट्रॉलीवाल्याला पाठीशी घालू नये.

आणि कळकळीनं सांगतो, थंडी वाजते म्हणून ट्रेलरच्या आत शेगडी, कोळसा, गॅस काही पेटवून झोपू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही, झोपलेला माणूस उठतच नाही. जाड रजई घ्या, खिडकी थोडी उघडी ठेवा. सिलेंडर पाच किलोचा न्या, उभाच बांधा, गाडी चालू असताना व्हॉल्व्ह बंद.

सरकारनं 2021 साली कारवाँ पर्यटनाचं धोरण आणलं, चांगलंय. पण ट्रेलरचं वेगळं रजिस्ट्रेशन लागतं हेच कित्येकांना माहीत नाही. तेव्हा आरटीओला विनंती, गाळप सुरू व्हायच्या आधी ट्रॉल्यांना रेडियम लावायची शिबिरं घ्या, त्यातच एक दिवस या छोट्या ट्रेलरवाल्यांना बोलवा, साखळी, लाईट, दांड्यावरचं वजन तपासून द्या. काटा आणि जॅक लागला तर आमच्या दुकानातून नेता येईल.

आपला,
एक ट्रॉलीवाला वाचक
अक्कलकोट रोड, सोलापूर