ऑस्ट्रेलियातल्या कूबर पीडी गावाजवळ भेटलेल्या आजी-आजोबांना
कूबर पीडीपासून साधारण ३० किलोमीटरवरचे ब्रेकअवेजचे रंगीत डोंगर पाहून आम्ही डिंगोंना (तिथल्या रानटी कुत्र्यांना) अडवणाऱ्या, ५,००० किलोमीटरहून लांब कुंपणाकडे निघालो आणि कच्च्या रस्त्यावर टायर फाटला. जॅक मातीत रुतत होता, फोनला रेंज नव्हती, आईला ऊन सोसेना. आम्ही हात करण्याआधीच तुम्ही दोघं थांबलात. आजोबांनी जॅकखाली फळी सरकवली, स्टेपनी बसवली, तिच्यात हवाही भरून दिली. आजींनी आईला गाडीच्या सावलीत बसवून मानेवर ओला रुमाल ठेवला. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी आजी शेवटपर्यंत तिचा हात धरून होत्या. मग डांबरी रस्ता लागेपर्यंत तुम्ही आमच्या मागोमाग आलात. गडबडीत नावं विचारायची राहिली. आजी, तुमचा निळा रुमाल आईने धुऊन जपून ठेवलाय. मनापासून आभार!